एक वक्र, अनेक समीकरणे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारची अकरावीतली मुलगी चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, यात माझं काय चुकलं तेवढं सांगा ना." प्रश्नात लाटेसारखा एक आलेख काढून दिला होता. क्ष-अक्षावर अंश, य-अक्षावर संख्या. लाटेचे माथे ५ या उंचीवर, तळ −१ वर. एक माथा क्ष = ७५° ला, त्यापुढचा क्ष = २५५° ला. या फलनाचे समीकरण लिहा, गुण ४. मुलीने लिहिले होते:

य = २ + ३ कोसाइन (२क्ष − १५०°)

त्यावर लाल शाईची फुली होती आणि शेजारी 'बरोबर' उत्तर लिहून दिले होते:

य = २ + ३ साइन (२क्ष − ६०°)

गुण शून्य.

मी दोन्ही समीकरणांत क्ष = ० घातले. दोन्हीकडून −०.६ आले. क्ष = ३०° घातले, दोन्हीकडून २. मग आणखी किमती घालण्याची गरज उरली नाही, कारण कोणत्याही कोनाचा साइन म्हणजे त्या कोनातून ९०° वजा करून येणाऱ्या कोनाचा कोसाइन. (२क्ष − ६०°) मधून ९०° वजा करा, (२क्ष − १५०°) मिळते. दोन्ही समीकरणे एकाच वक्राची आहेत. मुलीचे काहीच चुकले नव्हते.

रात्री साठ-सत्तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असतो, शेजारी उत्तरसूची असते आणि त्यात साइन लिहिलेले असते. अशा वेळी कोसाइनवर फुली पडते. मीही कधीतरी अशी फुली मारली असेल. पण त्या मुलीने यातून काय शिकावे? ती म्हणाली, "यापुढे मी कोसाइन वापरणारच नाही." मला त्या शून्यापेक्षा हे वाक्य जास्त लागले. आलेखामागे एकच समीकरण दडलेले आहे आणि ते ओळखायचे आहे, असा तिचा समज पक्का झाला होता. प्रत्यक्षात आलेख आपल्याला समीकरण देतच नाही. तो देतो फक्त चार संख्या. समीकरण आपण लिहितो, आणि ते अनेक प्रकारे लिहिता येते.

चार संख्या

या चार संख्या वाचायच्या कशा, ते आधी पाहू.

पहिली म्हणजे लाटेची मध्यरेषा. माथ्याची आणि तळाची उंची घ्या आणि त्यांची सरासरी काढा. ५ आणि −१ यांची सरासरी २. पुष्कळ मुले ही पायरी गाळतात, कारण पुस्तकातल्या पहिल्या आलेखात मध्यरेषा म्हणजे क्ष-अक्षच असतो आणि तेच डोक्यात राहते.

दुसरी संख्या आयाम, म्हणजे मध्यरेषेपासून माथ्यापर्यंतचे अंतर. इथे ५ − २ = ३. माथ्यापासून तळापर्यंतचे अंतर ६ आहे, त्याच्या निम्मे. तिसरी संख्या आवर्तकाल, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर: २५५° − ७५° = १८०°. आवर्तकाल मध्यरेषेवरच्या छेदांवरून मोजणाऱ्यांनी जपावे. लागोपाठच्या दोन छेदांमध्ये फक्त अर्धा आवर्तकाल असतो, कारण एका छेदाला वक्र वर चढत असतो तर दुसऱ्याला उतरत असतो.

खरी गोची चौथ्या संख्येची आहे. लाट सुरू कुठे झाली? पण दोन्ही बाजूंना न संपणाऱ्या लाटेला सुरुवात असते कुठे? ती आपण ठरवतो. वक्र मध्यरेषा ओलांडून वर चढतो त्या बिंदूला सुरुवात म्हटले, तर साइन लिहावा लागतो. माथ्याला सुरुवात म्हटले तर कोसाइन. उतरताना मध्यरेषा ओलांडतो तो बिंदू घेतला तर उणे साइन, आणि तळ घेतला तर उणे कोसाइन. सुरुवातीला 'स' म्हणू, मध्यरेषेला 'म', आयामाला 'अ' आणि आवर्तकालाला 'का'. मग

य = म + अ × साइन [३६०° × (क्ष − स) ÷ का]

साइनच्या जागी कोसाइन आला, तर 'स'ची किंमत बदलेल. बाकी तिन्ही संख्या आहेत तशाच राहतील. आपल्या आलेखात चढता छेद ३०° ला आहे (माथ्याच्या पाव आवर्तकाल, म्हणजे ४५° आधी), माथा ७५° ला, उतरता छेद १२०° ला आणि आधीचा तळ −१५° ला. म्हणून पुढची चारही समीकरणे त्याच वक्राची:

य = २ + ३ साइन २(क्ष − ३०°)
य = २ + ३ कोसाइन २(क्ष − ७५°)
य = २ − ३ साइन २(क्ष − १२०°)
य = २ − ३ कोसाइन २(क्ष + १५°)

यातल्या प्रत्येक 'स'मध्ये १८०° मिळवले किंवा वजा केले तरी वक्र तोच राहतो. म्हणजे बरोबर उत्तरे खरे तर अगणित आहेत.

वरच्या समीकरणांत मी २ हा गुणक कंसाबाहेर ठेवला आहे, तो मुद्दाम. मुलांची नेहमीची चूक इथेच होते. छेद ३०° ला दिसतो म्हणून ती साइन (२क्ष − ३०°) लिहितात. पण हा साइन शून्य होतो क्ष = १५° ला. कंस सोडवून लिहायचे असेल, तर २ने ३०° लाही गुणावे लागते, म्हणून (२क्ष − ६०°). ही चूक समजावताना नियम सांगण्यापेक्षा "तुझ्या समीकरणात लाट कुठे सुरू होते, ते शून्य करून बघ" असे म्हटलेले मुलांना लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

तपासायचे कसे?

इतकी रूपे असतील तर उत्तरपत्रिका तपासायच्या कशा, असा प्रश्न शिक्षकांना पडेल. उत्तर सोपे आहे. चार गुण चार संख्यांना वाटावेत. मध्यरेषा, आयाम आणि आवर्तकाल समीकरणाकडे नुसते पाहून कळतात. चौथ्यासाठी माथ्याचा क्ष समीकरणात घालावा. मुलीच्या समीकरणात क्ष = ७५° घातले की कंसात शून्य येते, शून्याचा कोसाइन १, आणि य = ५. झाले. पहिल्या तीन संख्या बरोबर असतील, तर ही एकच किंमत पुरेशी आहे, कारण चुकीच्या ठिकाणी सरकलेली लाट त्या जागी ५ पर्यंत पोचूच शकत नाही. चुकीच्या (२क्ष − ३०°) मध्ये ७५° घालून पाहा. १२०° चा साइन येतो आणि उत्तर ४.६ च्या आसपास. त्या मुलाचा एक गुण गेला, पण तीन मिळाले. ही कसोटी मुलांनाही शिकवावी. मग आपले उत्तर बरोबर आहे की नाही, हे कळायला त्यांना उत्तरसूचीची गरज उरत नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली लाट

इथवरचे सगळे पुस्तकातल्या आलेखाबद्दल झाले. तो आलेख समीकरणावरूनच काढलेला असतो, त्यामुळे समीकरण सापडणार याची खात्री असते. आमच्या प्रयोगशाळेत येणारे आलेख असे नसतात. निरीक्षणे समोर असतात, ती लाटेसारखी दिसतात, पण ती खरोखर साइनची लाट आहे का, हे कोणी सांगितलेले नसते. मुलांनाही असा एक आलेख एकदा तरी हाताळायला मिळावा म्हणून मी त्या मुलीला दिवसाच्या लांबीचे कोष्टक दिले. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा दिनदर्शिकेत किंवा पंचांगात असतात. सूर्यास्तातून सूर्योदय वजा केला की दिवसाची लांबी मिळते. पुण्यासाठीचे आकडे, जवळच्या मिनिटापर्यंत, असे:

२१ जानेवारी – ११ तास १२ मिनिटे
२१ फेब्रुवारी – ११ तास ३८ मिनिटे
२१ मार्च – १२ तास ८ मिनिटे
२१ एप्रिल – १२ तास ३९ मिनिटे
२१ मे – १३ तास ४ मिनिटे
२१ जून – १३ तास १५ मिनिटे
२१ जुलै – १३ तास ५ मिनिटे
२१ ऑगस्ट – १२ तास ४० मिनिटे
२१ सप्टेंबर – १२ तास ९ मिनिटे
२१ ऑक्टोबर – ११ तास ३८ मिनिटे
२१ नोव्हेंबर – ११ तास १२ मिनिटे
२१ डिसेंबर – ११ तास १ मिनिट

आलेखाच्या कागदावर हे बारा बिंदू मांडा आणि हाताने जोडा. सुरेख लाट दिसते. आता चार संख्या वाचू. कमाल १३ तास १५ मिनिटे, किमान ११ तास १ मिनिट. सरासरी १२ तास ८ मिनिटे. ही मध्यरेषा. आयाम ६७ मिनिटे. आवर्तकाल आलेखावर शोधायला नको, तो ३६५ दिवस. राहिली सुरुवात. क्ष म्हणजे १ जानेवारीपासून मोजलेला दिवस धरला, तर २१ मार्च हा ८० वा दिवस, आणि त्या दिवशी वक्र नेमका मध्यरेषेवर आहे व वर चढतो आहे. (लीप वर्षात एक दिवस वाढेल.) म्हणून

दिवसाची लांबी = १२ तास ८ मिनिटे + ६७ मिनिटे × साइन [३६०° × (क्ष − ८०) ÷ ३६५]

मुलीने मात्र हट्टाने कोसाइनच घेतला. २१ जूनचा दिवस सर्वांत मोठा, तो १७२ वा दिवस, म्हणून तिने (क्ष − १७२) लिहिले. दोन्ही समीकरणे ताडून पाहताना तिच्या लक्षात आले, की ती तंतोतंत सारखी नाहीत. माझ्या समीकरणाचा माथा ८० + ९१.२५, म्हणजे १७१.२५ व्या दिवशी येतो, तिचा पाऊण दिवस उशिरा. पुस्तकातल्या आलेखात असे कधी होत नाही. मग कोणाचे घ्यायचे?

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. माथ्याजवळ वक्र जवळजवळ सपाट असतो. १४ जूनपासून २८ जूनपर्यंत दिवसाची लांबी जेमतेम अर्ध्या मिनिटाने हलते. मिनिटापर्यंतचेच आकडे हाती असतील तर माथा या दोन आठवड्यांत नेमका कुठे आहे, ते आलेख सांगू शकत नाही. २१ मार्चच्या आसपास मात्र दिवस रोज सुमारे एका मिनिटाने वाढतो. तिथे एका मिनिटाची चूक झाली, तरी सुरुवात एखाद्या दिवसानेच चुकते. म्हणून उंची वाचायची ती माथ्यावर, आणि जागा वाचायची ती मध्यरेषेच्या छेदावर. मुलीला २१ जून ही तारीख भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होती म्हणून तिचा कोसाइन तरला. नुसत्या आलेखावरून तिला ती सापडली नसती.

पडताळा

समीकरण काढताना आपण तीनच तारखा वापरल्या: २१ मार्च, २१ जून आणि २१ डिसेंबर. या तारखांना ते बरोबर उत्तर देणारच. त्यात कौतुक नाही. न वापरलेल्या तारखेला ते काय म्हणते, ते पाहायला हवे. १५ ऑगस्ट हा २२७ वा दिवस. २२७ − ८० = १४७. ३६०° × १४७ ÷ ३६५ म्हणजे जवळजवळ १४५°, त्याचा साइन ०.५७४, गुणिले ६७ म्हणजे ३८ मिनिटे. उत्तर १२ तास ४६ मिनिटे. पुण्यात १५ ऑगस्टचा दिवस १२ तास ४६ मिनिटांचाच असतो. मुलगी खूश झाली. २१ जानेवारीला समीकरण ११ तास ११ मिनिटे देते, कोष्टकात १२ आहेत. हेही छान.

पण २१ सप्टेंबरला समीकरण १२ तास ६ मिनिटे देते आणि कोष्टक ९ म्हणते. २१ एप्रिलला समीकरण १२ तास ४२ मिनिटे, कोष्टक ३९. तीन मिनिटांचा फरक आकडेमोडीतल्या गोळाबेरजेने पडत नाही. वक्र साइनसारखा आहे, पण साइन नाही!

सप्टेंबरच्या फरकाचे कारण पृथ्वीच्या कक्षेत आहे. साइनच्या लाटेत मध्यरेषेच्या वरचा भाग आणि खालचा भाग यांची रुंदी सारखी असते, प्रत्येकी १८२.५ दिवस. प्रत्यक्षात वसंत संपातापासून शरद संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि तिथून पुन्हा वसंत संपातापर्यंत सुमारे १७९. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा ती जास्त वेगाने जाते. हा केप्लरचा नियम आपल्या साध्या कोष्टकात तीन मिनिटांच्या रूपाने उतरलेला आहे.

एप्रिलच्या फरकाचे कारण वेगळे. दिवसाची लांबी सूर्याच्या क्रांतीवर, म्हणजे विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनीय अंतरावर, अवलंबून असते. पण ती क्रांतीच्या टॅनच्या प्रमाणात बदलते, आणि कोन वाढत गेला की टॅन साइनपेक्षा भरभर वाढतो. त्यामुळे खरा वक्र साइनपेक्षा किंचित टोकदार आहे. पुण्यात हा फरक तीन मिनिटांचा. उत्तरेला जावे तसा तो वाढत जातो, आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या गावात उन्हाळ्यात वक्र २४ तासांवर आडवा होऊन आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. तिथे आपले समीकरण लावणे म्हणजे थट्टाच.

आणखी एक शंका मुलांकडून काढून घेण्यासारखी आहे. आपण महिन्यातून एकच बिंदू घेतला. दोन बिंदूंच्या मधे वक्र कसा जातो, हे आपल्याला ठाऊक आहे का? वर्षातून तेरा वेळा वर-खाली होणारी एक लाट घेतली, तर तीही समान अंतरावरच्या बारा बिंदूंतून तशीच बिनबोभाट जाते. ती नाकारायला रोजची दिनदर्शिका उघडावी लागते. कोष्टकापुरते पाहिले तर ते दोन्ही लाटांना सारखाच पाठिंबा देते.

साइनच का?

वक्र लाटेसारखा दिसला की आपण साइन लिहून मोकळे होतो. पण दिवसाच्या लांबीसाठी आपल्याकडे सर्वांत जुना जो नियम आहे, तो साइनचा नाही. वेदांग ज्योतिषात हा नियम सरळ रेषेचा आहे. सर्वांत लहान दिवस १२ मुहूर्तांचा, सर्वांत मोठा १८ मुहूर्तांचा. उत्तरायण सुरू झाल्यापासून दिवस रोज २/६१ मुहूर्ताने वाढतो, आणि दक्षिणायनात तसाच घटतो. १८३ दिवसांत वाढ बरोबर ६ मुहूर्तांची. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. मध्यरेषा, आयाम, आवर्तकाल आणि सुरुवात या चारही संख्या त्यात आहेतच. वक्राचा आकार तेवढा वेगळा आहे.

पुण्याच्या आकड्यांवर हा आकार लावून पाहा. २१ डिसेंबरचे ११ तास १ मिनिट आणि २१ जूनचे १३ तास १५ मिनिटे यांच्यामध्ये सरळ रेषा ओढली, तर २१ जानेवारीला ११ तास २४ मिनिटे येतात. कोष्टक १२ म्हणते. साइन एका मिनिटाने चुकला होता, सरळ रेषा बारा मिनिटांनी. न वापरलेल्या बिंदूनेच इथे दोन आकारांचा निवाडा केला.

मुहूर्त ४८ मिनिटांचा. म्हणजे वेदांग ज्योतिषातला सर्वांत मोठा दिवस १४ तास २४ मिनिटांचा आणि आयाम १४४ मिनिटांचा. हा आकडा कोणत्या गावचा असावा, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. त्याकडे वळण्याआधी आयामावरून गाव कसे ओळखायचे, ते पाहू.

आयामातून अक्षांश

आपल्या समीकरणातल्या ६७ मिनिटांचे पुढे काय करायचे? २१ जूनला दिवस मध्यरेषेपेक्षा ६७ मिनिटांनी मोठा, म्हणजे सूर्य सकाळी ३३.५ मिनिटे लवकर उगवतो आणि संध्याकाळी तितकाच उशिरा मावळतो. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. ३३.५ मिनिटांचे ८.३७५ अंश झाले. या कोनाचा साइन म्हणजे अक्षांशाचा टॅन गुणिले क्रांतीचा टॅन. २१ जूनला सूर्याची क्रांती २३.४४ अंश असते, तिचा टॅन ०.४३४. ८.३७५ अंशांचा साइन ०.१४६. भागाकार ०.३३६, आणि ०.३३६ हा टॅन आहे १८.६ अंशांचा. पुण्याचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटे. दिनदर्शिकेतल्या वेळांची वजाबाकी, एक आलेख, आणि गावाचा अक्षांश हातात!

या कोनाला आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत नाव आहे: चर. आणि अक्षांशाचा टॅन त्यांत येतो तो पलभेच्या रूपाने. विषुवदिनी माध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची सावली जितकी अंगुळे पडते ती पलभा, म्हणजे अक्षांशाच्या टॅनची बारा पट. पुण्याची पलभा जवळजवळ बरोबर ४ अंगुळे येते. साइन हा शब्दही मुळात आपल्याच 'ज्या'चा दूरचा वंशज. 'जीवा'चे अरबीत 'जीब' झाले, ते 'जैब' म्हणून वाचले गेले, आणि जैब म्हणजे खोळ किंवा खिसा या अर्थाचे लॅटिन भाषांतर 'सायनस' झाले. वर्गात हे सांगितले की मुले हसतात आणि ज्या विसरत नाहीत.

आता वेदांग ज्योतिषाकडे परत येऊ. आयाम १४४ मिनिटे. त्याचे निम्मे ७२ मिनिटे म्हणजे १८ अंश. वरचीच रीत लावली तर अक्षांश साधारण ३५ अंश येतो, श्रीनगरच्याही थोडा उत्तरेला. यावरून हा नियम वायव्येकडून किंवा त्याही पलीकडून आला, असे म्हटले गेले आहे. पण मघाशी आपण काय पाहिले? आलेखावर वाचायची जागा कोणती, याला महत्त्व असते. नियम करणाऱ्याने माथे न जुळवता विषुवदिनाजवळची रोजची वाढ जुळवली असेल तर? २/६१ मुहूर्त म्हणजे सुमारे १.५७ मिनिटे. विषुवदिनाजवळ इतक्या वेगाने चढणाऱ्या साइनचा आयाम सुमारे ९१ मिनिटे हवा, आणि त्यावरून अक्षांश येतो साधारण साडेचोवीस अंश. हा थेट उत्तर भारताचा मैदानी प्रदेश! या दिशेनेही अभ्यासकांनी मांडणी केली आहे. मला स्वतःला ती अधिक पटते, कारण रोजची वाढ संपाताच्या जवळपासच सर्वांत स्पष्ट मोजता येते. पण मी ज्योतिषाच्या इतिहासाची अभ्यासक नाही.

मध्यरेषेचे आठ मिनिटे

मध्यरेषा १२ तासांवर का नाही, हे अजून राहिलेच आहे. वर्षभराची सरासरी काढली तर दिवस आणि रात्र समान यायला हवीत ना? सूर्य बिंदू असता आणि हवा नसती, तर तसेच झाले असते. पण सूर्योदय धरतात तो सूर्याची वरची कड दिसते तेव्हा, आणि वातावरणातल्या वक्रीभवनामुळे ती कड प्रत्यक्ष क्षितिजाखाली असतानाच दिसू लागते. वक्रीभवनाच्या सुमारे ३४ कला आणि सूर्याच्या अर्ध्या बिंबाच्या १६ कला मिळून ५० कला होतात. पुण्यात एवढे अंतर चढायला सूर्याला साडेतीन ते चार मिनिटे लागतात, संध्याकाळी पुन्हा तितकीच. म्हणून सात-आठ मिनिटे.

काही पंचांगे मात्र सूर्यबिंबाचा मध्य धरून, वक्रीभवन न घेता उदय देतात. तुमच्या मुलांनी आणलेल्या आकड्यांची मध्यरेषा बरोबर १२ तासांवर आली, तर त्यांचे चुकले असे समजू नका. त्या पंचांगकर्त्याने सूर्योदयाची व्याख्या कोणती घेतली, ते मध्यरेषेने सांगितले आहे.

हा उपक्रम वर्गात घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. वजाबाकी न करता नुसत्या सूर्योदयाचा आलेख काढला, तर कोड्यात पडायची वेळ येते. पुण्यात २१ नोव्हेंबरला सूर्योदय ६:४५ ला, २१ डिसेंबरला ७:०२ ला, आणि २१ जानेवारीला आणखी उशिरा, ७:१० ला होतो. सूर्यास्त याच तारखांना ५:५७, ६:०३ आणि ६:२२. म्हणजे सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीत, सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरात, आणि सर्वांत लहान दिवस डिसेंबरात! कारण खुद्द माध्यान्हाची वेळच वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत असते, आणि त्या मागेपुढे होण्यात वर्षाला दोनदा येणारी एक लाटही मिसळलेली असते. सूर्योदयाच्या वक्राला म्हणूनच एक साइन पुरत नाही. वजाबाकी केली की माध्यान्हाचे हे सरकणे दोन्ही वेळांतून सारखेच असल्याने निघून जाते, आणि उरते ती जवळपास निखळ लाट.

पुण्याबाहेरच्या शाळांना आयाम वेगळा मिळेल. नागपूरला सुमारे ७७ मिनिटे यायला हवीत. दिल्लीचे नातेवाईक वेळा कळवणार असतील तर तिथे सुमारे १०९, आणि कन्याकुमारीला जेमतेम २८. शेजारच्या मुलीने आता तिच्या आजोळचा, नागपूरचा, आलेख काढला आहे. तिने सुरुवात २१ डिसेंबरला धरली आणि समीकरण उणे कोसाइनमध्ये लिहिले. आयाम ७७ आला.